एकाच दिवशी दोन सण आले तर काय धरायचं? बेळगाव-निपाणी भागासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातल्या एका गावात एकच तरुण मंडळ गणपती, शिवजयंती आणि आषाढीची दिंडी बघतं. घरात मराठी पंचांग, शेजाऱ्याकडे कन्नड कॅलेंडर, मोबाईलवर तिसरंच काही. कधी एका दिवसावर दोन-दोन सण येऊन बसतात, तर कधी एकाच सणाच्या दोन तारखा दिसतात. मग धरायचं काय, दोन सुट्ट्या एकाच दिवशी आल्या तर बुडालेली परत मिळते का, आणि वर्षाची आखणी कशी करायची?

आधी एक गाठ सोडवायला हवी. ‘एकाच दिवशी आले’ असं आपण म्हणतो, पण प्रत्येक सणाचा ‘दिवस’ वेगळ्या वेळी सुरू होतो. सरकारी तारीख मध्यरात्री बदलते. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. तिथी वाटेल त्या वेळी बदलते, अगदी दुपारी अडीचलासुद्धा. आणि मुस्लिम महिन्याची तारीख सूर्यास्ताला बदलते. समोर आलेल्या दोन सणांपैकी कोणता कशावर चालतो एवढं ठरवलं की निम्मे वाद तिथेच मिटतात. उरलेल्या निम्म्यांसाठी पुढचं सगळं.

तारीख आणि तारीख एकत्र येणं ही सर्वांत सोपी गोष्ट. २ ऑक्टोबरला गांधी जयंती आणि लालबहादूर शास्त्री जयंती, १२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद, १ मे रोजी महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. ही जोड दरवर्षी ठरलेली, त्यात मोजायचं काही नाही. आपल्या भागात १ नोव्हेंबरही यातच येतो. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यरचना अमलात आली. कर्नाटकाचा स्थापना दिन म्हणजे कन्नड राज्योत्सव आणि सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा काळा दिवस या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, त्यामुळे त्या कधी वेगळ्या पडणार नाहीत. सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचा १७ जानेवारीचा (१९५६) हुतात्मा दिन आणि कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांना हिंडलग्याला १ जूनचं (१९८६) अभिवादन हेही तारखेवरच. या सगळ्यांना पंचांग लागत नाही, डायरी पुरते.

गुंता सुरू होतो तो तारखेवर तिथी येऊन बसली की. २०२४ मध्ये २ ऑक्टोबरला सर्वपित्री अमावस्या होती, २०२५ मध्ये त्याच २ ऑक्टोबरला दसरा. कारण साधं आहे: बारा चांद्रमहिन्यांचं वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, इंग्रजी वर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान. म्हणून तिथीचे सण दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतात, आणि अधिक महिना आला की एकदम १८-१९ दिवस पुढे जातात. ही ये-जा सुमारे १९ वर्षांत पुन्हा त्याच जागी येते. १ नोव्हेंबर २००५ ला लक्ष्मीपूजन होतं, १ नोव्हेंबर २०२४ लाही. म्हणजे राज्योत्सव, काळा दिवस आणि लक्ष्मीपूजन तिन्ही एका तारखेला येणं नवल नाही, तो फेरा आहे. जुनी दिनदर्शिका जपून ठेवणाऱ्यांना हव्या त्या वर्षाच्या १९ वर्षं आधीचं पान उघडलं की त्या वर्षाचा अंदाज येतो. एखादा दिवस इकडेतिकडे होतो, पण मंडळाच्या आखणीला तेवढं चालतं.

अशा १ नोव्हेंबरला शहरात सकाळपासून दुपारपर्यंत मिरवणुका, फेरी आणि बंदोबस्त, तर संध्याकाळी पूजा. वेळा एकमेकींवर येत नाहीत, अडतो तो बाजार. झेंडू, ऊस, केळीचे खुंट, लाह्या-बत्तासे ३१ ऑक्टोबरच्या दुपारपर्यंत घरात आणावेत. खेड्यातून बसने येणाऱ्यांनी त्या दिवशी सकाळच्या खेपेवर विसंबू नये. शिक्षकांना सुट्टी असली तरी ध्वजवंदनाला हजर राहावं लागतं, म्हणून घरातल्या फराळाची आणि पूजेची मांडामांड त्यांच्या वाट्याला ठेवू नका.

२०२५ च्या दसऱ्याला वेगळीच अडचण होती. गांधी जयंतीला दारूची दुकानं बंद असतात आणि पालिका मांसविक्रीही बंद ठेवायला लावतात. नवरात्र उठल्यावर ज्या घरांत तिखटाचा बेत असतो, त्यांनी तो दुसऱ्या दिवशी ढकलला. शस्त्रपूजा, आपट्याची किंवा बन्नीची (शमीची) पानं वाटणं आणि सीमोल्लंघन यांना त्याची काहीच बाधा नव्हती. दसऱ्याचं कर्म अपराह्नाचं, म्हणजे दुपारनंतरचं. शाळेतलं जयंतीचं अभिवादन सकाळचं.

इथे मूळ सूत्र लागतं, तेच जरा नीट बघू. प्रत्येक सणाला दिवसाचा एक ठरलेला भाग आहे आणि त्या भागात तिथी हवी. रामनवमी आणि गणेश चतुर्थीला मध्यान्ह, दसऱ्याला आणि श्राद्धाला अपराह्न, लक्ष्मीपूजनाला प्रदोष म्हणजे सूर्यास्तानंतरचा काळ, महाशिवरात्र, गोकुळाष्टमी आणि कोजागरीला मध्यरात्र, संकष्टीला चंद्रोदय. बाकी बहुतेकांना सूर्योदयाची तिथी चालते. तिथी स्वतः कधी १९-२० तासांत आटपते, कधी २६ तासांपर्यंत रेंगाळते. म्हणून दोन वेगळ्या तिथींचे सण एका दिवसात मावतात, आणि एकाच तिथीचे दोन सण दोन दिवसांवर जातात.

पहिल्याचं उदाहरण दिवाळीत आहे. २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी होते: ४ नोव्हेंबर, २४ ऑक्टोबर आणि १२ नोव्हेंबर. पहाटे अभ्यंगस्नान चतुर्दशीत, संध्याकाळी पूजा अमावस्येत. कुणाचं काही बुडालं नाही. २०२२ मध्ये तर २६ ऑक्टोबरला पाडवा आणि भाऊबीजही एकाच दिवशी आले. दुपारी २ वाजून ४२ मिनिटांना प्रतिपदा संपून द्वितीया लागली. त्या दिवशी ठीक क्रम असा: सकाळी शेणाचे पांडव, बळीची पूजा, नवऱ्याला ओवाळणं; दुपारी तीननंतर भावाला ओवाळणं. सासर आणि माहेर एकाच तालुक्यात असेल तर जमून जातं. नसेल तर भावाने बहिणीकडे जावं; प्रथाही मुळात तीच.

दुसऱ्याचं उदाहरण आश्विन पौर्णिमा. आपल्याकडे हीच कोजागरी, हीच कन्नड शिगी हुणवी (हुणवी म्हणजे पौर्णिमा), आणि कर्नाटकात सुट्टी असलेली महर्षी वाल्मिकी जयंतीही हीच. तरी २०२४ मध्ये कोजागरी १६ ऑक्टोबरला आणि वाल्मिकी जयंती १७ ला. पौर्णिमा १६ च्या रात्री पावणेनऊच्या सुमारास लागली आणि १७ च्या संध्याकाळी पाचच्या सुमारास संपली. मध्यरात्रीची पौर्णिमा १६ ला मिळाली, सूर्योदयाची १७ ला. २०२५ मध्येही तसंच, ६ आणि ७ ऑक्टोबर. कॅलेंडर चुकलं म्हणून छापणाऱ्याला शिव्या घालण्याआधी तिथीची सुरुवात आणि शेवट बघावा. मसाला दुधाचं पातेलं रात्री चढवायचं आहे, त्याला दुसऱ्या दिवशीची सुट्टी ही उलट सोयच.

आता आपल्या भागातला सगळ्यात दाटीचा कोपरा: वैशाख शुद्ध द्वितीया आणि तृतीया. बेळगावात शिवजयंती परंपरेने वैशाख शुद्ध द्वितीयेला होते. १९ फेब्रुवारीची तारीख महाराष्ट्र सरकारची. लगेच तृतीयेला बसव जयंती, अक्षय तृतीया आणि परशुराम जयंती. चंद्राचा हिशोब जुळला तर रमजान ईदही तिथेच. म्हणजे दोन दिवसांत चार-पाच उत्सव, त्यात मंडप, पोवाडे, वचनगायन, मिरवणूक, सोन्याची खरेदी आणि लग्नाचे मुहूर्त.

३ मे २०२२ ला अक्षय तृतीया, बसव जयंती, परशुराम जयंती आणि ईद अशी चारही एकत्र आली. २०२३ मध्ये मात्र तीच जोडी फुटली. तृतीया २२ एप्रिलला सकाळी ७ वाजून ४९ मिनिटांनी लागली आणि २३ ला ७ वाजून ४७ मिनिटांनी संपली. बेळगावात त्या दिवसांत सूर्य उगवतो सुमारे ६ वाजून १२ मिनिटांनी. म्हणजे २२ ला सूर्योदयी द्वितीया, २३ ला सूर्योदयी तृतीया, पण जेमतेम ९५ मिनिटं. अक्षय तृतीयेला नुसता सूर्योदय पुरत नाही. दुसऱ्या दिवशी तृतीया तीन मुहूर्त, म्हणजे सहा घटिका, म्हणजे १४४ मिनिटं तरी राहायला हवी. ती राहत नव्हती म्हणून बहुतेक पंचांगांनी अक्षय तृतीया २२ ला दिली. बसव जयंती सूर्योदयाच्या तिथीवर, म्हणून ती २३ ला. ईद २२ लाच होती. गावात ‘बसव जयंती आणि अक्षय तृतीया म्हणजे एकच’ असं धरून चालणाऱ्यांची त्या वर्षी फजिती झाली.

२०२५ मध्ये याच तृतीयेने आणखी एक खेळ केला. ती २९ एप्रिलच्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास लागली आणि ३० ला दुपारी दोननंतर संपली. परशुराम जयंती प्रदोषाची, म्हणून ती २९ ला गेली, जिथे सूर्योदयाच्या द्वितीयेवरची शिवजयंती होती. अक्षय तृतीया आणि बसव जयंती ३० ला. तिथी तीच, वेळ वेगळी, म्हणून सोबती बदलला.

मंडळाने या दोन दिवसांसाठी वेळा लिहून आखणी करावी. नुसती तारीख लिहून भागत नाही. एका वहीत प्रत्येक कार्यक्रमापुढे चार गोष्टी: सुरू, संपणार, रस्ता, ध्वनिक्षेपक. दुसऱ्या समाजाच्या पंचांकडूनही याच चार गोष्टी घ्याव्यात आणि मगच दोन्ही अर्ज पोलीस ठाण्यात द्यावेत. वेगवेगळे अर्ज गेले आणि एकच चौक एकाच वेळी मागितला गेला की शेवटच्या दिवशी वेळ बदलून येते आणि पत्रिका वाया जातात. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, हे गृहीत धरूनच मागून हिशोब करा: विसर्जन किंवा समारोप साडेनऊला, म्हणून निघणं सहाला. उलट मोजलं, म्हणजे ‘सहाला निघू, बघू कधी पोचतो’, की हमखास फसतं. पत्रिकेवर तिथी आणि तारीख दोन्ही छापा. तिथी छापली की कन्नडभाषक शेजाऱ्यालाही लगेच कळतं, कारण आपली आणि कर्नाटकातली महिना मोजायची पद्धत एकच आहे, अमावस्येला संपणारी. उत्तरेकडच्या कॅलेंडरात पौर्णिमेला महिना संपतो, त्यामुळे वद्य पक्षात महिन्याचं नाव एक पुढचं दिसतं. मोबाईलवरचं ॲप तसं असेल तर आपली भाद्रपद अमावस्या तिथे आश्विन म्हणून येते. सण तोच, तारीख तीच, नाव तेवढं वेगळं.

हिंदू आणि मुस्लिम सण एकत्र का येतात, हा भाग लोकांना योगायोग वाटतो. तो तसा नाही. मुस्लिम महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो. कोर अमावस्येनंतर साधारण द्वितीयेच्या संध्याकाळी नजरेस पडते आणि दुसऱ्या दिवशी पहिली तारीख असते. म्हणून मुस्लिम तारखेत एक किंवा दोन मिळवले की आपली शुद्ध तिथी जवळजवळ येते. पहिली तारीख म्हणजे द्वितीया-तृतीया: रमजान ईद अक्षय तृतीयेजवळ येते ती यामुळे. दहावी म्हणजे एकादशी-द्वादशी: बकरी ईद आणि मोहरमचा मुख्य दिवस. बारावी म्हणजे त्रयोदशी-चतुर्दशी: ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबर २०२३ ला एकत्र आले, ते याच हिशोबाने.

आषाढी एकादशीचं पाहा. १० जुलै २०२२ ला आषाढी आणि बकरी ईद. २९ जून २०२३ ला पुन्हा आषाढी आणि बकरी ईद. १७ जुलै २०२४ ला आषाढी आणि मोहरम. ६ जुलै २०२५ ला पुन्हा आषाढी आणि मोहरम. चार वर्षं ओळीने. बकरी ईद मुस्लिम वर्षाच्या शेवटच्या महिन्याच्या दहाव्या दिवशी आणि मोहरम लगेच पुढच्या, म्हणजे पहिल्या महिन्याच्या दहाव्या दिवशी. २०२३ च्या आषाढीनंतर आपल्याकडे अधिक श्रावण आला. त्या एका जादा महिन्याने आषाढी एक घर, म्हणजे एक मुस्लिम महिना, पुढे सरकली, आणि बकरी ईदेच्या जागी मोहरम आला. मुस्लिम कालगणनेत अधिक महिना नाही, म्हणून हे घसरणं एकाच दिशेने चालतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने आषाढी आणखी एक घर पुढे जाते, सफर महिन्यात, आणि ही साथ सुटते. अधिक महिना कधी येतो तेवढं पंचांगात बघितलं की पुढची चार-पाच वर्षं कुणालाही मांडता येतात.

प्रत्यक्षात कसं करायचं? बकरी ईदेच्या वर्षी मार्ग सोपा असतो, कारण कुर्बानीला १०, ११ आणि १२ असे तीन दिवस असतात. नमाज एकादशीच्या सकाळी, कुर्बानी द्वादशीला, असं अनेक गावांनी आपसात ठरवलं. यात कुणी कुणावर उपकार केले असं मानू नये; त्यांच्या नियमात बसतं म्हणून जमतं. मोहरमला तशी सवलत नाही, दहावा म्हणजे दहावाच. पण तिथे दिवस सूर्यास्ताला बदलतो ही गोष्ट कामी येते. कत्तलची रात्र, म्हणजे मोहरमच्या मुख्य दिवसाची आदली रात्र, आपल्या दशमीच्या रात्री येते आणि पंजे-ताबुतांची मिरवणूक एकादशीच्या दिवशी. दिंडी पहाटे ते सकाळी दहापर्यंत फिरवून विठ्ठल मंदिरात पोचवली तर पिरांना, म्हणजे त्या पंजे-ताबुतांना, दुपारनंतर रस्ता मोकळा मिळतो. कीर्तन रात्री. आपल्या खेड्यांत पिरांपुढे नारळ ठेवणारे आणि दिंडीत टाळ धरणारे बहुतेक वेळा तेच लोक असतात, त्यामुळे वेळा आधी ठरवणं त्यांनाच हवं असतं.

खाण्याचा एक बारीक मुद्दा. मोहरमचे चोंगे आणि मलिदा गव्हाचे. एकादशीचा उपास असणाऱ्याने ते नाकारू नयेत, घेऊन बाजूला ठेवावेत आणि द्वादशीला पारण्यानंतर खावेत. चोंगे तसेही दुसऱ्या दिवशी चांगले लागतात. मलिद्यात ओलं खोबरं असेल तर मात्र दमट पावसाळ्यात तो रात्रभर उघडा ठेवू नये, आंबतो. गुळाचं सरबत उपासाला चालतं.

उपास आणि गोडधोड यांची गाठ इतरत्रही पडते. १४ जानेवारी २०२६ ला संक्रांत आणि षट्तिला एकादशी एकत्र होत्या. गुळपोळीत कणीक, म्हणून उपासाला बाद. पण या एकादशीचं नावच तिळावरून, सहा प्रकारे तीळ वापरावेत असं तिचं विधान. त्यामुळे तिळगूळ दोन्हीकडे चालतो. वाण, हळदीकुंकू, तिळगूळ त्याच दिवशी आणि पोळ्या द्वादशीला, हा सोपा उपाय. भोगीची बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी आदल्या दिवशी असतेच.

पितृपक्षातल्या एकादशीला श्राद्ध आलं तर घराण्यावर ठरतं. स्मार्त, म्हणजे शिव-विष्णू दोघांनाही भजणाऱ्या, घरांत श्राद्ध त्याच दिवशी होतं. उपास करणारा कर्ता अन्नाचा वास घेऊन, म्हणजे अवघ्राण करून, ते गाईला देतो. माध्व, म्हणजे मध्वाचार्यांच्या वैष्णव पंथातल्या, घरांत एकादशीला श्राद्धच करत नाहीत, ते द्वादशीला. बेळगाव-धारवाड पट्ट्यात दोन्ही प्रकारची घरं शेजारी-शेजारी आहेत. एकाच तिथीला गेलेल्यांचं श्राद्ध शेजारी वेगळ्या दिवशी करत असेल तर तुमचं चुकलं असं समजू नका. एकादशीही दोघांची वेगळी पडू शकते: सूर्योदयापूर्वीच्या चार घटिकांत, म्हणजे ९६ मिनिटांत, दशमी शिल्लक असेल तर वैष्णव ती एकादशी सोडून दुसऱ्या दिवशीची धरतात. पंचांगात ‘स्मार्त’ आणि ‘भागवत’ (म्हणजे वैष्णव) असं लिहिलेलं असतं ते यासाठी. शिवाय माध्व मठांची पंचांगं सूर्यसिद्धान्त या जुन्या ग्रंथाच्या गणितावर चालतात आणि बहुतेक मराठी पंचांगं दृक् गणितावर, म्हणजे प्रत्यक्ष आकाशाशी जुळवलेल्या गणितावर. दोन्हींत तिथी काही घटिकांनी पुढे-मागे होते. घरात दोन पंचांगं लावून सोयीचं ते निवडणं हा सर्वांत वाईट मार्ग. एक धरा आणि वर्षभर त्याच्यावर चाला.

ज्येष्ठ पौर्णिमेबद्दल थोडक्यात. वटपौर्णिमा आणि बैलांचे सण, म्हणजे कारहुणवी आणि निपाणी-चिकोडीकडचा कर्नाटकी बेंदूर, यांच्या तारखा जवळजवळ किंवा एकत्र येतात. वटसावित्रीला चतुर्दशीला चिकटलेली पौर्णिमा हवी, म्हणून ती कधी एक दिवस आधी पडते. बैल धुवायचे, रंगवायचे आणि वडाला सूत गुंडाळायचं, ही घरातली वेगवेगळी माणसं करतात, त्यामुळे तंटा होत नाही. पुरणाचा घाट मात्र एकदाच घालावा.

आता सुट्ट्यांकडे. सरळ उत्तर: दोन सण एका दिवशी आले किंवा सण रविवारी आला, तर बदली सुट्टी मिळत नाही. यादीत एका ओळीत दोन नावं छापली जातात आणि एक सुट्टी जाते. २०२५ मध्ये उगादी म्हणजे गुढीपाडवा (३० मार्च) आणि मोहरम (६ जुलै) दोन्ही रविवारी गेले. सरकारी नोकरांच्या हाती ऐच्छिक रजा उरते; ती वर्षाच्या सुरुवातीला यादीशी ताडून ठरवावी.

कारखान्यांचं वेगळं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीसारख्या ठिकाणी कर्नाटकाचा १९६३ चा राष्ट्रीय आणि सणांच्या सुट्ट्यांचा कायदा लागू होतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर या पाच ठरलेल्या आणि त्याखेरीज सणांच्या आणखी पाच, अशा दहा सुट्ट्या. चूक होते ती इथे: यादी करणारा मागच्या वर्षीची नावं उतरवतो आणि पाच सणांत दसरा लिहितो. २०२५ सारख्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरलाच आला की हातात नऊच राहतात. कायद्याचा शब्द ‘इतर पाच’ असा आहे. म्हणून यादीत नावाशेजारी तारीख लिहून ठरलेल्या पाचांशी ताडून पाहावी आणि आदळणाऱ्या सणाऐवजी दुसरा घ्यावा, उदाहरणार्थ खंडेनवमी किंवा बलिप्रतिपदा. कामगार प्रतिनिधींनी हे डिसेंबरातच दाखवून द्यावं. सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट मजुरी, किंवा त्या दिवसाची मजुरी आणि बदली सुट्टी, यापैकी एक मिळायला हवं.

सीमेवर आणखी एक डोकेदुखी म्हणजे घरात दोन राज्यांच्या याद्या. मुलगी निपाणीच्या शाळेत, बाप कागलच्या एमआयडीसीत. कर्नाटकात दिवाळीची सुट्टी नरकचतुर्दशी आणि बलिपाड्यमीला (म्हणजे बलिप्रतिपदेलाच). महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन आणि बलिप्रतिपदेला. संक्रांत, बसव जयंती, महालय अमावस्या, खंडेनवमी, वाल्मिकी जयंती, कनकदास जयंती या कर्नाटकाच्या. १९ फेब्रुवारी आणि पतेती या महाराष्ट्राच्या. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशीमुळे मिलादची मिरवणूक पुढे गेली आणि महाराष्ट्राने ईदची सुट्टी २९ सप्टेंबरला दिली. कर्नाटकात ती २८ लाच राहिली. बँकांचंही तसंच: रिझर्व्ह बँकेच्या यादीत बेळगाव-निपाणीची शाखा बेंगळुरूच्या रकान्याने चालते, कोल्हापूरची मुंबईच्या. पलीकडच्या शाखेचा चेक असेल तर दोन्ही रकाने बघूनच तारीख टाका.

शेवटी मोबाईलबद्दल, कारण हल्ली निम्मे घोटाळे तिथून येतात. ॲपमध्ये गाव म्हणून दिल्ली किंवा उज्जैन राहिलेलं असतं. तिथी संपायची घड्याळी वेळ देशभर एकच असते, पण सूर्योदय-सूर्यास्त गावागणिक बदलतो, आणि निर्णय त्यावरच होतो. १ नोव्हेंबर २०२४ ला अमावस्या संध्याकाळी ६ वाजून १६ मिनिटांपर्यंत होती आणि बेळगावात सूर्य मावळला सुमारे ६ वाजून २ मिनिटांनी. म्हणजे प्रदोषात जेमतेम १४ मिनिटं. दोन्ही संध्याकाळी अमावस्या लागली तर दुसरी धरावी हा सर्वसाधारण कल. पण दुसऱ्या संध्याकाळी ती पुरती एक घटिकाही, म्हणजे २४ मिनिटंही नव्हती, म्हणून काहींनी ३१ ऑक्टोबर धरला. मराठी पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला. दोघांकडेही नियम होता.

ॲपमधली दुसरी चूक वेळ वाचण्याची. काही ठिकाणी मध्यरात्रीनंतरची वेळ २५:३० अशी लिहितात. ते रात्री दीड समजायचं, आणि पंचांगाच्या लेखी तो अजून आदलाच वार. मंगळवारच्या रकान्यात ‘चतुर्थी २५:३० पर्यंत’ दिसलं तर संकष्टीचा चंद्रोदय मंगळवारी रात्रीच बघायचा. कॅलेंडरवर बुधवार लागला म्हणून उपास पुढे नेऊ नका.